वाचकांचे प्रश्न : गरोदरपणात कमी झालेल्या प्लेटलेट

पावसाळ्यात या सदराकडे तापाची पत्रे येतात आणि त्यांच्याबरोबर प्लेटलेट हा शब्दही येतो. यंदा मात्र त्यांतली बरीचशी पत्रे गरोदर स्त्रियांची किंवा त्यांच्या घरच्या माणसांची आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी रिपोर्टमधला प्लेटलेटचा आकडा तेवढा कळवला आहे. महिना कितवा, आधीचा आकडा किती, रक्तदाब किती, ताप आहे की नाही, यांतले काहीच लिहिलेले नाही. गरोदरपणात प्लेटलेटच्या आकड्याला या चार गोष्टींखेरीज फारसा अर्थ नसतो. म्हणून ज्यांनी ही माहिती दिली आहे त्यांची पत्रे आधी घेतली आहेत. नावे गाळली असून मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मला आठवा महिना चालू आहे. तिसऱ्या महिन्यात प्लेटलेट २ लाख १० हजार होत्या, आता १ लाख १२ हजार आल्या आहेत. रक्तदाब ११०/७० आहे आणि मला कसलाही त्रास नाही. बहीण पपईच्या पानांचा रस घ्यायला सांगते, जाऊबाई किवी घ्यायला सांगतात. बाळाला धोका आहे का? — एक वाचक, देवगड

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून धोका दिसत नाही. तरीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-तीन गोष्टी पाहून घ्यायला हव्यात.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवण्याच्या कामी येणाऱ्या सूक्ष्म पेशी. एरवी त्या दीड लाख ते साडेचार लाखांच्या दरम्यान असतात. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे पाणी वाढवलेल्या आमटीसारखे सगळेच थोडे पातळ होते आणि प्लेटलेटचा आकडाही खाली येतो. शंभर गरोदर स्त्रियांपैकी सात ते दहा जणींचा आकडा दीड लाखाच्या खाली जातो, आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणींना कोणताही आजार नसतो. या प्रकाराला गरोदरपणातली सौम्य प्लेटलेट-घट म्हणता येईल. ती साधारणपणे पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर दिसते, आकडा बहुधा १ लाखाच्या वर आणि क्वचित ७०-८० हजारांपर्यंत राहतो, आईला रक्तस्राव होत नाही, बाळाच्या प्लेटलेट व्यवस्थित असतात आणि बाळंतपणानंतर महिना-दोन महिन्यांत आकडा आपोआप पूर्वपदावर येतो. तुमचा तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट चांगला होता, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तो रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवा.

आता काय पाहायचे ते सांगतो. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते, आणि काही जणींच्या प्लेटलेट त्याच रसायनामुळे एकमेकींना चिकटतात. मोजणारे यंत्र असा पुंजका एकच पेशी समजते किंवा मोजतच नाही. त्यामुळे शरीरात दोन लाख प्लेटलेट असूनही कागदावर ९० हजार छापून येतात. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) पसरून पॅथॉलॉजिस्टने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर थराच्या टोकाकडे हे पुंजके स्पष्ट दिसतात, आणि निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले की खरा आकडा कळतो. म्हणून रिपोर्टवर ‘स्मिअर पाहिला’ अशी नोंद आहे का, हे लॅबमध्ये विचारायला संकोच करू नका. त्यानंतर दर महिन्याला एकदा आणि शेवटच्या महिन्यात बहुधा दर आठवड्याला सीबीसी करावी, आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. आकडा ८० हजारांच्या खाली गेला तर सौम्य घट म्हणून सोडून न देता दुसरे कारण शोधावे लागते.

राहिला पपईचा प्रश्न. एरवी गरोदर बाईला पिकल्या पपईची फोडसुद्धा खाऊ न देणारी घरे प्लेटलेटचा रिपोर्ट हाती पडताच तिला पानांचा रस पाजायला निघतात, याचे मला नेहमी नवल वाटते. पानांच्या अर्काचे जे काही थोडे अभ्यास झाले आहेत ते मुख्यतः डेंग्यूच्या रुग्णांवरचे आहेत. गरोदर स्त्रीसाठी हा रस सुरक्षित आहे असे मानायला आधार नाही, आणि सौम्य घटीत त्याची गरजही नाही. किवी फळ म्हणून जरूर खा. त्याने प्लेटलेट वाढत नाहीत, तेव्हा महाग वाटले तर पेरू खाल्लात तरी चालेल.

प्रश्न : माझ्या मुलीला लग्नाआधीपासून आयटीपी हा आजार आहे. ती डोंबिवलीला असते. आता सहावा महिना आहे, प्लेटलेट ४२ हजार आहेत आणि तिला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून तिला इकडे आणावे असा विचार आहे. तिच्या डॉक्टरांनी नको म्हटले आहे. — एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तिच्या डॉक्टरांचे म्हणणे मानावे. ‘नाही’ एवढ्याच उत्तराने मन मानत नाही, म्हणून कारणे सविस्तर देतो.

आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजून त्यांचा नाश करते. गोळ्यांचे काम हा नाश रोखण्याचे आहे. रक्तस्राव होत नसेल तर गरोदरपणाच्या मधल्या काळात २०-३० हजारांच्या वरचा आकडाही बहुतेक डॉक्टर धीराने पाहतात, म्हणजे ४२ हजार हा सहाव्या महिन्यात घाबरण्याचा आकडा नव्हे. बाळंतपणाच्या वेळी मात्र हिशेब बदलतो. नैसर्गिक प्रसूती असो वा सिझेरियन, आकडा ५० हजारांच्या वर असावा लागतो. कमरेतून भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ साधारणपणे ७० हजारांच्या वरचा आकडा मागतात, कारण मणक्यात रक्त साकळले तर पायांची ताकद जाऊ शकते. म्हणून शेवटच्या चार-पाच आठवड्यांत गोळ्यांचा डोस वाढवणे, किंवा इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे, असे ठरवावे लागते. गोळ्यांचा परिणाम दिसायला चार दिवसांपासून दोन आठवडे लागतात, तर इम्युनोग्लोब्युलिनचा एक ते तीन दिवसांत दिसू लागतो, पण तो थोडे आठवडेच टिकतो. हे वेळापत्रक रक्तविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या तिघांनी मिळून आखायचे असते, आणि आठव्या महिन्यात ही मंडळी बदलणे हिताचे नाही.

दुसरे कारण आपल्या कोकणाचे आहे. लाल पेशींची पिशवी फ्रिजमध्ये महिनाभराहून अधिक टिकते, म्हणून तालुक्याच्या रक्तसाठवण केंद्रात ती मिळू शकते. प्लेटलेटच्या पिशव्यांना फ्रिज चालत नाही. त्या २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात आणि तरीही पाचच दिवस टिकतात. म्हणून त्या रक्तघटक वेगळे करणाऱ्या मोठ्या रक्तपेढीतच मिळतात आणि पुष्कळदा मागणी आल्यावर तयार केल्या जातात. शिवाय आयटीपीमध्ये बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही शरीर लवकर नष्ट करते. त्यामुळे त्या प्रत्यक्ष रक्तस्रावाच्या वेळी, इतर औषधांच्या जोडीने, हाताशी असाव्या लागतात. रात्री कळा सुरू झाल्यावर गुहागरहून निघून त्यांचा शोध घेणे कोणत्याही घराला झेपणारे नाही.

तिसरे कारण बाळाचे आहे, आणि ते घरच्यांना फारसे कोणी सांगत नाही. प्लेटलेटचा नाश घडवणारी आईच्या शरीरातली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वारेतून बाळाकडे जातात. आयटीपी असलेल्या मातांच्या दहापैकी साधारण एका बाळाचा आकडा जन्मताना ५० हजारांच्या खाली असू शकतो, आणि आईच्या आकड्यावरून बाळाचा अंदाज बांधता येत नाही. बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. तरीही बाळ ओढून काढायची व्हॅक्यूम आणि चिमटा ही साधने शक्यतो टाळतात, जन्मतःच नाळेतल्या रक्ताची सीबीसी करतात, आणि तो आकडा कळेपर्यंत स्नायूत द्यायची इंजेक्शने लांबवतात. बाळाचा आकडा जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सर्वांत खाली जातो. म्हणून ते दिवस नवजात बालकांचा विभाग असलेल्या रुग्णालयाच्या जवळ काढायचे असतात. केवळ आयटीपी आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

रीत मोडायची नसेल तर ती थोडी वळवता येते. डोहाळजेवणाला तिला आणायचे असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारून, रेल्वेने, थोड्या दिवसांसाठी आणा. बाळंतपणाच्या वेळी तुम्ही डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घेऊन डोंबिवलीला जा. बाळाचा आकडा स्थिरावला आणि डॉक्टरांनी होकार दिला की दोघांना घेऊन गुहागरला या. गोळ्या चालू असताना साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा त्यांची तपासणी चुकवू नका, आणि कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या एकदम बंद करू नका. त्या नेहमीच्या डोसमध्ये घेत असताना अंगावर पाजायला हरकत नसते.

प्रश्न : माझ्या पत्नीला पाचवा महिना आहे. लावणीच्या दिवसांत ती शेतात जात होती. चार दिवस ताप आला, डेंग्यूची एनएस१ तपासणी निगेटिव्ह आली आणि प्लेटलेट ६२ हजार आल्या. ती रुग्णालयात दाखल आहे. नातेवाईक प्लेटलेट चढवायला सांगतात, डॉक्टर गरज नाही म्हणतात. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे का? — एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : तापात प्लेटलेट कमी होतात तेव्हा उपचार तापाच्या कारणावर करायचे असतात. आपल्याकडे या दिवसांत चार गोष्टींचा विचार होतो. डेंग्यू, हिवताप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे पहिले तीन. चौथा माकडताप. दोडामार्ग-बांदा परिसरात २०१६ पासून त्याचे रुग्ण आढळत आले आहेत. पण तो गोचिडींमुळे होतो आणि त्याचा हंगाम मुख्यतः डिसेंबर ते मे असा असल्याने पावसात त्याची शक्यता कमी धरावी. जंगलात जाणे झाले असेल तर मात्र डॉक्टरांना आठवणीने सांगा.

एनएस१ ही तपासणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच भरवशाची असते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. पुढे आयजीएम ही तपासणी करतात. हिवतापासाठी रक्ताचा नमुना, आणि शेतात पाण्यात उभे राहणे झाले आहे म्हणून लेप्टोची तपासणी, हे दोन्ही झाले आहे का ते विचारा. पिंढऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, कावीळ दिसणे ही लेप्टोची लक्षणे आहेत. त्यावर गरोदरपणात चालणारी पेनिसिलिन गटातली औषधे किंवा सेफ्ट्रिॲक्सोन उपलब्ध आहेत, आणि ती रिपोर्टची वाट न पाहताही सुरू केली जातात. लेप्टो होऊ नये म्हणून शेतकऱ्यांना आठवड्यातून एकदा देतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी गरोदर स्त्रीने घेऊ नये. घरात गोळ्या आल्या की सगळ्यांना सारख्या वाटल्या जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्लेटलेट चढवण्याबाबत डॉक्टर योग्य तेच सांगत आहेत. रक्तस्राव नाही आणि प्रसूती जवळ आलेली नाही, अशा स्थितीत ६२ हजारांना प्लेटलेट देत नाहीत. डेंग्यूमध्ये तर आकडा १० हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुधा थांबतात. साध्या एका पिशवीने आकडा ५ ते १० हजारांनी वाढतो आणि आजाराचा जोर असेपर्यंत पुन्हा उतरतो. एका दात्याकडून यंत्राने काढलेल्या पिशवीने ३० ते ५० हजारांची वाढ मिळते, पण तीही टिकाऊ नसते. तुमच्या पत्नीला कळा सुरू झाल्या किंवा रक्तस्राव झाला तर निर्णय वेगळा होईल.

डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावर घ्यायची असते. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब खाली जाऊ शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, अस्वस्थपणा यांपैकी काहीही दिसले, किंवा बाळाची हालचाल आधी जाणवत असून ती कमी वाटू लागली, तर तेव्हाच नर्सला सांगा. बांबोळीला नेण्याचा प्रश्न या लक्षणांवर आणि मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्यांवर अवलंबून आहे. केवळ ६२ हजारांच्या आकड्यासाठी तापातल्या गरोदर बाईला गाडीत घालू नका. तापासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि कमरेच्या स्नायूत द्यायची इंजेक्शने टाळा.

प्रश्न : वहिनीला ३५ आठवडे झाले आहेत. दोन दिवस छातीच्या खाली उजव्या बाजूला दुखते आणि मळमळते. पित्त असेल म्हणून आगळाचे (कोकमाच्या रसाचे) सरबत देत आहोत. मागच्या आठवड्यात प्लेटलेट १ लाख ६० हजार होत्या, आज ८८ हजार आल्या. रक्तदाब १३८/८८ आहे. — ईमेल, लांजा

उत्तर : हा ईमेल वाचताच दूरध्वनी करून वहिनींना त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यायला सांगितले. इतर वाचकांसाठी कारण येथे देतो.

आठवड्याभरात प्लेटलेट निम्म्यावर येणे आणि उजव्या बरगडीखाली दुखणे हे जोडीने दिसले तर हेल्प (HELLP) या आजाराचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. यात लाल पेशी फुटतात, यकृताला सूज येते आणि प्लेटलेट झपाट्याने घटतात. तो गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजारांच्या कुटुंबातला आहे. तरीही दहा-पंधरा टक्के स्त्रियांत रक्तदाब १४०/९० पर्यंत गेलेलाही नसतो, त्यामुळे १३८/८८ वर विसंबून राहता येत नाही. यकृताच्या व एलडीएचच्या (पेशी फुटल्या की रक्तात वाढणाऱ्या द्रव्याच्या) तपासण्या आणि फुटलेल्या लाल पेशींसाठी स्मिअर, हे सगळे काही तासांत व्हायला हवे. या आजाराचा खरा उपचार प्रसूती हाच आहे. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, रक्तदाब आटोक्यात ठेवतात आणि ३४ आठवडे उलटून गेले असतील तर प्रसूती लांबवत नाहीत. काही स्त्रियांत हा आजार बाळंतपणानंतर पहिल्या दोन दिवसांत डोके वर काढतो, म्हणून बाळ झाले की लगेच घरी जाण्याची घाई करू नये.

आगळाच्या सरबताला माझा विरोध नाही. सातव्या महिन्यानंतर वरच्या पोटात दुखते तेव्हा मात्र आधी रक्तदाब मोजावा आणि सरबत नंतर द्यावे. डोके ठणकणे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणे हीही याच आजाराची चिन्हे आहेत. अशा वेळी १०८ किंवा १०२ क्रमांकाला फोन करावा. शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, रक्त आणि ने-आण यांचा खर्च २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासन करते, तेव्हा खर्चाच्या विचाराने रात्र घालवू नये.

प्रश्न : माझ्या गावातल्या दोन गरोदर महिलांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या, तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. एकीचे ७.९ आहे, एमसीव्ही ११४ आणि प्लेटलेट ९५ हजार. दुसरीचे ९.८ आहे, एमसीव्ही ६४ आणि प्लेटलेट २ लाख ६० हजार. — आशा सेविका, राजापूर तालुका

उत्तर : एमसीव्ही लिहून पाठवणारे हे पहिलेच पत्र. तो लाल पेशींचा सरासरी आकार असतो आणि येथे सगळा उलगडा त्यातच आहे.

पहिलीच्या पेशी आकाराने मोठ्या आहेत आणि प्लेटलेटही कमी आहेत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, आणि प्लेटलेट कमी होण्याऐवजी उलट थोड्या वाढलेल्या दिसतात. तेव्हा येथे बी१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता धरून चालावे लागेल. ती मासे, अंडी खात नसेल आणि घरात दूधही बेताचे असेल तर बी१२ कडे बोट दाखवता येईल. शासकीय गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, बी१२ नसते. बी१२ कमी असताना नुसते फोलिक ॲसिड वाढवत गेल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून बी१२ ची पातळी तपासून इंजेक्शने सुरू करावीत. आठवड्या-दोन आठवड्यांत प्लेटलेट वर येऊ लागतील. तिच्या पांढऱ्या पेशीही कमी असतील आणि बी१२ देऊनही सुधारणा झाली नाही, किंवा स्मिअरमध्ये अपक्व पेशी दिसल्या, तर तिला तातडीने रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागेल.

दुसरीच्या पेशी बेताच्या अशक्तपणाच्या मानाने फारच लहान आहेत. ती थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असू शकते. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत एचबीए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर ते नक्की होते. लोह फार कमी असेल तर हा आकडा फसवा खालीही येतो. तिच्या स्वतःच्या जिवाला यात धोका नाही. नवऱ्याची तपासणी मात्र लगेच करावी, कारण दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांपासून करता येते. तिला किती महिने झाले ते तुम्ही लिहिलेले नाही. म्हणून नवऱ्याच्या तपासणीसाठी पुढच्या भेटीची वाट पाहू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, त्या दिवशी दोघींना रिपोर्टसह न्या. पुढची तपासणी जिल्ह्यात झाली नाही, तर मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयआयएच ही रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे.

प्रश्न : मागच्या खेपेला रक्तदाब वाढला होता म्हणून यंदा चौथ्या महिन्यापासून ॲस्पिरिन चालू आहे. प्लेटलेट १ लाख ३० हजार आल्या. गोळी बंद करू का? — एक वाचक, दापोली

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. ७५ ते १५० मिलिग्रॅमच्या या छोट्या डोसने प्लेटलेटची संख्या घटत नाही, आणि १ लाख ३० हजारांना तो बहुधा चालू ठेवतात. आकडा १ लाखाच्या खाली गेला तर डॉक्टर पुन्हा विचार करतील, आणि ३६ आठवड्यांच्या सुमारास ती थांबवायची का, हेही तेच ठरवतील. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र या गोळीसोबत घेऊ नका, आणि दात काढायचा असेल तर दंतवैद्याला गोळी व आकडा दोन्ही आधी सांगा.